मालक नसलेल्या जनावराचा आजार

१९५७ च्या मार्च महिन्यात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे पथक तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात पोहोचले. त्यांना बोलावणे आले होते ते दोन बातम्यांमुळे. सोरब तालुक्यातल्या काही गावांत माणसे तापाने फणफणत होती, अंगदुखीने विव्हळत होती, काहींच्या हिरड्यांतून आणि नाकातून रक्त येत होते. आणि लगतच्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडत होती. स्थानिक डॉक्टरांना पहिल्यांदा तो विषमज्वराचा प्रकार वाटला होता. पण विषमज्वराने माकडे मरत नाहीत.

या दोन बातम्या एकत्र ऐकल्यावर संशोधकांच्या मनात एकच नाव आले आणि ते भयंकर होते : पीतज्वर. दक्षिण अमेरिकेत जंगलातली माकडे मरू लागली की पाठोपाठ माणसांत पीतज्वर येतो, हे तोवर ठाऊक झाले होते. आशिया खंडात हा रोग कधीच शिरलेला नव्हता. तो पसरवणारा डास मात्र भारतभर होता. पुण्याचे केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून उभारलेले, आणि रॉकफेलर प्रतिष्ठानची हयात पीतज्वराशी झुंजण्यात गेलेली. त्यामुळे ही शंका त्यांच्या मनात तत्काळ येणे स्वाभाविक होते.

केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क, त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि पुण्याच्या चमूने मृत वानरांचे अवयव, रुग्णांचे रक्त आणि जंगलातले कीटक तपासले. विषाणू सापडला, पण तो पीतज्वराचा नव्हता. डासांशीही त्याचा संबंध नव्हता. तो गोचिडांमधून पसरत होता आणि त्याचे जवळचे नातलग थेट सोव्हिएत रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूंमध्ये होते. सायबेरियातून हिवाळ्यात येणारे पक्षी आपल्या अंगावरच्या गोचिडांबरोबर तो आणत असतील का, असा प्रश्न निघाला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचा जो मोठा उपक्रम केला, त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे पाठबळ मिळाले ते याच प्रश्नामुळे. पक्ष्यांवरचा आळ सिद्ध झाला नाही. पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला त्यातून बळ मिळाले.

नव्या रोगाला क्यासनूर जंगलाचे नाव मिळाले. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात.

या लेखात माकडतापाची हकिगत सांगायची आहे, पण ती एका मोठ्या प्रश्नासाठी. माणूस आणि जनावर यांच्यात सामाईक असलेल्या आजारांचा अभ्यास पशुवैद्यकशास्त्राने करावा, हे आता सगळेच मान्य करतात. अडचण वेगळीच आहे. गुरांच्या डॉक्टरला बोलावणे जाते ते जनावर आजारी दिसले तर, आणि त्या जनावराला मालक असेल तर. सामाईक आजार मात्र पुष्कळदा अशा जनावरांत वस्तीला असतात, जी एकतर ठणठणीत दिसतात किंवा कोणाच्याच मालकीची नसतात.

किमतीचे जनावर

पशुवैद्यकशास्त्राचा इतिहास पाहिला तर हे असे का झाले ते कळते. जगातले पहिले पशुवैद्यकीय विद्यालय फ्रान्समधल्या लियाँ शहरात १७६१ साली स्थापन झाले. त्यामागे घोड्यांची निगा होती आणि बुळकांडीने ओस पडत चाललेले गोठे होते. आपल्याकडेही तसेच घडले. ब्रिटिश सैन्याला घोडे लागत, शेतसाऱ्याला बैल लागत. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८८९ साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. पुढे ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. तिथे आरंभी अभ्यासले गेले ते घोड्यांना होणारा सर्रा, गुरांची बुळकांडी, फाशी, घटसर्प. ही सगळी किमतीच्या जनावरांची दुखणी.

या वाटेने शास्त्राने मोठे यश मिळवले. बुळकांडी २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने हद्दपार केलेला हा दुसराच रोग. पण या घडणीत एक गोष्ट पक्की झाली. जनावराचा आजार म्हणजे मालकाचे नुकसान. ज्या जनावराच्या मरण्याने कोणाचेच नुकसान होत नाही, त्याच्या आजाराची नोंद कोणत्या वहीत करायची, हे ठरलेच नाही.

या आजारांसाठी मराठीत ‘प्राणिजन्य’ हा शब्द रुळला आहे. तो सोयीचा आहे, पण थोडा अन्यायकारकही आहे. त्यात प्राणी देणारा आणि माणूस घेणारा अशी एकाच दिशेची कल्पना आहे. प्रत्यक्षात देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. माणसाचा क्षय पाळीव हत्तींना झाल्याची उदाहरणे आहेत. २०२० साली डेन्मार्कमध्ये माणसांकडून कोविडचा विषाणू मिंक या केसाळ प्राण्यांच्या पिंजऱ्यांत शिरला, तिथे बदलला आणि पुन्हा माणसांत आला. त्यापायी दीड कोटीहून अधिक मिंक मारावे लागले. म्हणून ‘सामाईक आजार’ हा शब्द मला जास्त नेमका वाटतो. सातबाऱ्यावर सामाईक विहीर असते तसा. पाणी एकच, उपसणारे अनेक, आणि ती गढूळ झाली की दोष कोणाचा यावरून भांडण.

माल्टाची निरोगी शेळी

ठणठणीत दिसणाऱ्या जनावराचे सर्वांत बोलके उदाहरण माल्टा बेटावर घडले. भूमध्य समुद्रातल्या या बेटावर ब्रिटिश फौजेचा तळ होता आणि तिथल्या सैनिकांना एक चिवट ताप येई. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. सांधे धरत, कंबर धरे, माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने त्याचा जिवाणू शोधला. त्याच्या नावावरूनच आज या रोगाला ब्रुसेलोसिस म्हणतात. जिवाणू हाती आला, पण तो सैनिकांच्या पोटात कुठून येतो ते पुढची अठरा वर्षे उमगले नाही. पाण्यावर संशय गेला, हवेवर गेला, डासांवर गेला.

उत्तर १९०५ साली थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टातल्याच डॉक्टरने दिले. माल्टात शेळ्या दारोदार फिरवून गिऱ्हाइकासमोर दूध काढून देत. शेळ्या धष्टपुष्ट, दूध भरपूर. संशय घ्यायला जागाच नव्हती. झॅमिटने त्यांचे रक्त तपासले तेव्हा कित्येक शेळ्या या जिवाणूला भेटून चुकल्याचे दिसले, आणि त्यांतल्या काहींच्या दुधातून तो रोज बाहेर पडत होता. त्याच वर्षी माल्टाहून अमेरिकेकडे शेळ्या घेऊन निघालेल्या एका जहाजावर त्यांचे दूध पिणारे खलाशी आजारी पडले आणि शंकेला जागा उरली नाही. १९०६ मध्ये सैन्याच्या शिध्यातून शेळीचे दूध बंद झाले. सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला. बेटावरची सामान्य माणसे मात्र पुढे कितीतरी वर्षे तेच दूध पीत राहिली आणि आजारी पडत राहिली, कारण शेळीवाल्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता आणि शेळी तर ठीकच दिसत होती.

हा रोग आपल्या गोठ्यांतही आहे. गाय किंवा म्हैस सहाव्या-सातव्या महिन्याच्या पुढे गाभ टाकते, वार पडत नाही, मग गुरांच्या डॉक्टरला बोलावणे जाते. तो खांद्यापर्यंत हात घालून वार सोडवतो. त्या वारेत आणि स्रावात जिवाणू खच्चून भरलेले असतात. हातमोजा फाटलेला असेल, बोटाला चीर असेल, तर रोग त्याच्यात शिरतो. मग महिनोन् महिने येणारा बारीक ताप, घाम, पाठदुखी. माणसांच्या डॉक्टरकडे गेले तर विषमज्वर, हिवताप, क्षय अशी एकेक तपासणी होत राहते. ‘तुमचा धंदा काय, तुम्ही गुरांत वावरता का’ हा प्रश्न विचारला गेला तर निदान लवकर होते. पण तो प्रश्न विचारण्याची सवय आपल्या दवाखान्यांत फारशी नाही.

२०१९ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस दिली जाते. लसीत जिवंत जिवाणू असतो. वासरू उसळले आणि सुई टोचणाऱ्याच्याच हातात शिरली, तर लसच आजार होऊ शकते. सामाईक आजारांचा अभ्यास करणारा माणूस त्या आजाराच्या इतक्या जवळ उभा असतो. पुण्याच्या केंद्रातही माकडतापावर काम करणाऱ्या अनेकांना प्रयोगशाळेतच तो ताप झाला होता.

गोचिडाचे वर्ष

आता पुन्हा माकडतापाकडे वळू. या रोगाची साखळी समजून घ्यायची तर गोचिडाचे वर्ष समजून घ्यावे लागते, कारण त्यातच माकड, गाय आणि माणूस आपापल्या जागी येतात.

हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जंगली गोचिडाला आयुष्यात तीनदा रक्त लागते आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या प्राण्याचे. पावसाळा सरताना अंड्यांतून खसखशीच्या दाण्याएवढ्या अळ्या निघतात. त्या उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड, जो सापडेल त्याला चिकटतात. पोट भरले की गळून पडतात, कात टाकतात आणि तिळाएवढे पिल्लू गोचीड होतात. ही पिल्ले साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत जंगलातल्या वाळक्या पाचोळ्यात दबा धरून असतात. माणसाला चावतात ती हीच. तिसरी अवस्था पूर्ण वाढलेल्या गोचिडाची. ती पावसाळ्यात येते आणि तिला मोठे जनावर लागते. पूर्वी ते सांबर-गवा असे. आता बहुतेक वेळा ते जंगलात चरायला सोडलेले गाव-गुरू असते.

अळी जन्मते तेव्हा तिच्यात सहसा विषाणू नसतो. तो तिला मिळतो आजारी माकडाच्या किंवा जंगली उंदराच्या रक्तातून. माकडाच्या रक्तात हा विषाणू अफाट वाढतो. काळ्या तोंडाचे वानर आणि डोक्यावर केसांची टोपी असलेले लालसर तोंडाचे माकड, दोघेही त्याला बळी पडतात, त्यांतही वानर जास्त. माकड मरून जिथे पडते तिथे त्याच्या अंगावरच्या शेकडो अळ्या एकदम उतरतात. मेलेल्या माकडाभोवतीची ती जमीन पुढच्या टप्प्यासाठी पेरल्यासारखी होते. म्हणून मृत माकड सापडल्यावर त्याच्या सभोवती पन्नास मीटरच्या परिघात कीटकनाशक भुकटी मारण्याची पद्धत आहे. १९६४ ते १९७३ या काळात संशोधकांनी त्या टापूत एक हजाराहून अधिक मृत माकडांची नोंद केली. साखळी उलगडली ती या चिकाटीच्या मोजणीतून.

माणूस या साखळीच्या टोकाला आहे. त्याच्याकडून ताप दुसऱ्या माणसाला होत नाही. चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांनी एकाएकी ताप, डोके फुटेल असे दुखणे, स्नायूंत असह्य वेदना, काहींना रक्तस्राव, काहींना आठ-पंधरा दिवसांनी ताप उलटून मेंदूची लक्षणे. नेमके औषध नाही. रुग्णाला सांभाळत तगवणे एवढेच हातात असते. शंभरातले साधारण तीन ते पाच रुग्ण दगावतात.

आणि गाय? तिला गोचीड चावते, पण ताप येत नाही. तिच्या रक्तात विषाणू इतका वाढत नाही की तिच्यापासून दुसऱ्या गोचिडाला तो मिळावा. म्हणजे रोगाच्या वहीत गाईचे नावच नाही. पण प्रौढ मादी गोचीड गाईच्या रक्तावर टम्म फुगते, जमिनीवर पडते आणि अंडी घालते. गाय विषाणू वाढवत नाही, ती गोचीड वाढवते. पीतज्वराचा अनुभव गाठीशी असलेले कोलंबियाचे शास्त्रज्ञ होर्हे बोशेल यांनी पुण्याच्या केंद्रात काम करताना ही बाब जोर देऊन मांडली. त्यांचे म्हणणे असे, की विषाणू या जंगलात बहुधा जुनाच असावा. माणसाने जंगल कापून शेते केली, कडेला झुडपी रान वाढले, त्यात गुरे सोडली आणि गोचिडांना कधी नव्हे एवढे अन्न मिळाले. रोग बाहेरून आला नाही, आपण त्याच्या उंबऱ्यावर गोठा बांधला.

१९८० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळ्तंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी राखीव जंगल तोडले गेले आणि त्यानंतर तिथे माकडतापाची सर्वांत मोठी साथ आली. शंभराहून अधिक माणसे दगावली. गाईला आजार नसल्यामुळे तिच्या मालकाला गुरांचा डॉक्टर बोलावण्याचे कारण नव्हते. पण साथ रोखायची तर त्या निरोगी गाईच्या अंगावरचे गोचीड काढणे हे एक मोठे काम होते, आणि ते पशुवैद्याशिवाय होणारे नव्हते.

काजूच्या बागेत

सुमारे पन्नास वर्षे माकडताप हा कर्नाटकातल्या चार-पाच जिल्ह्यांचा रोग मानला जात होता. २०१२ च्या अखेरीस बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात माकडे मेली आणि त्यांची विल्हेवाट लावणाऱ्या वन कामगारांना ताप आला. पुढे केरळात वायनाडला तो दिसला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली महाराष्ट्राच्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर परिसरात. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा भागात. सह्याद्रीच्या कण्याने तो वर सरकला, की आधीपासूनच ठिकठिकाणी होता आणि तपासणी सुरू झाल्यावर दिसू लागला? दुसरी शक्यताही तितकीच दाट आहे.

सत्तरीत आणि दोडामार्गात त्याची गाठ पडली ती काजूच्या हंगामाशी. फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम आणि तोच पिल्लू गोचिडांचा. काजूची फळे झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडू देतात. बोंडू वेचायला माणसे दिवसभर ओणवी होऊन पाचोळ्यात हात घालतात. हे काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ, आणि गोव्यात हंगामापुरते बाहेरून आलेले मजूरही. शिवाय कोकणात पातेरा गोळा करण्याची जुनी रीत आहे. वाळका पालापाचोळा भाताच्या भाजावळीला लागतो, गोठ्यात गुरांच्या अंगाखाली घालायला लागतो. मलनाडात सुपारीच्या बागांसाठी असाच पाचोळा आणतात. जंगलातले गोचीड भाऱ्यात बसून घरी येतात. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला ज्याची चूल जंगलावर पेटते त्याला देण्यात अर्थ नसतो. लांब बाह्यांचे कपडे, अंगाला लावायचे प्रतिबंधक तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि अंग तपासणे, एवढे सांगता येते. भर उन्हात ओणवे होऊन काम करताना तेही पाळणे सोपे नाही.

लस होती. तिची गोष्ट या लेखाच्या विषयाला धरूनच आहे. माणसांसाठीची ही लस बंगळुरूच्या हेब्बाळ भागातल्या पशु आरोग्य आणि पशुवैद्यकीय जैविके संस्थेत तयार होत असे. एरवी गुराढोरांच्या लशी करणारी ही संस्था. १९९० पासून कर्नाटकात ती दिली गेली. २००५ ते २०१० या काळाचा अभ्यास सांगतो, की दोन मात्रांनी साधारण ६२ टक्के आणि पुढची वर्धक मात्रा घेतल्यास सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळत होते. पण टोचलेली जागा खूप दुखे, मात्रा पुन्हा पुन्हा घ्याव्या लागत, आणि पुष्कळ लोक पहिल्या मात्रेनंतर फिरकत नसत. कालांतराने तिचा प्रभावही अपुरा ठरला आणि वापर थांबला. नव्या लशीचे काम आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स यांच्याकडे आहे. ही कंपनीही राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची, म्हणजे गुरांच्या दुनियेतलीच.

कावळ्यांची साक्ष

मालक नसलेल्या प्राण्याकडे पाहण्याची तयारी असेल तर काय साधते, याचे एक उदाहरण अगदी दूरचे आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात काही वयस्कर माणसांना मेंदूज्वर झाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तो तिथे पूर्वीपासून माहीत असलेला सेंट लुईस मेंदूज्वर असल्याचे सांगितले. शहरावर डास मारण्याची फवारणी सुरू झाली. त्याच सुमारास शहरात कावळे मरत होते. कावळ्यांना मालक नसतो, त्यामुळे ती आरोग्य खात्याची बाब नव्हती. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात मात्र ट्रेसी मॅकनमारा नावाच्या पशु-विकृतिशास्त्रज्ञ होत्या. आवारात मेलेल्या कावळ्यांच्या मेंदूत त्यांना रक्तस्राव आणि दाह दिसला. मग संग्रहालयातले रोहित पक्षीही मरू लागले.

त्यांनी केलेला विचार पशुवैद्यालाच सुचावा असा होता. सेंट लुईस मेंदूज्वराचा विषाणू पक्ष्यांत राहतो, पण पक्ष्यांना मारत नाही. म्हणजे तो हा नव्हे. घोड्यांना आणि पक्ष्यांना होणारा दुसरा एक मेंदूज्वर असता तर त्याला हमखास बळी पडणारे एमू आधी मेले असते. एमू मजेत होते. बर्ड फ्लू असता तर कोंबड्या मेल्या असत्या. कोण मेले यापेक्षा कोण मेले नाही, यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की हे काहीतरी वेगळेच आहे. माणसांच्या बाजूच्या तज्ज्ञांना ते पटवायला काही आठवडे गेले. सप्टेंबरच्या अखेरीस कळले, की हा वेस्ट नाइल विषाणू आहे. १९३७ साली युगांडात सापडलेला हा विषाणू अमेरिका खंडात पहिल्यांदाच आला होता. त्या वर्षी न्यूयॉर्क परिसरात ६२ जण आजारी पडले आणि ७ जण दगावले. पुढच्या वर्षांत अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी नागरिकांना मेलेला कावळा दिसल्यास कळवा असे आवाहन केले. कावळ्याचा मृत्यू ही सरकारी आकडेवारी झाली.

आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे आहे. रेबीज माणसाला होतो तो भारतात जवळजवळ नेहमीच कुत्र्याच्या चाव्याने. चावलेल्या माणसाला लस देत राहिलो तर त्या माणसाचा जीव वाचतो, पण रोग रस्त्यावर तसाच राहतो. गोव्यात मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून रस्त्यावरच्या कुत्र्यांचे दरवर्षी लसीकरण केले. हाताने किंवा जाळ्याने पकडायचे, टोचायचे, अंगावर रंगाची खूण करायची आणि मोबाइलवर जागेसह नोंद करायची. साधारण ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते. त्याला जोड म्हणून शाळांत मुलांना शिकवले, संशयित कुत्र्यांची तपासणी केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे माणसांचे रेबीजचे मृत्यू थांबले आणि कुत्र्यांमधली दरमहाची प्रकरणे ९२ टक्क्यांनी घटली. मालक नसलेल्या कुत्र्यावर झालेल्या खर्चामुळे माणसे वाचली.

नोंद कोणाच्या वहीत?

दोडामार्ग किंवा सत्तरीतल्या एखाद्या बागेत वानर मरून पडले तर काय घडते ते पाहू. वानर वन्य प्राणी आहे, म्हणून ते वन विभागाचे. वन्यजीव कायद्यामुळे दुसऱ्या कोणी त्याला परस्पर हात लावायचा नाही. त्याचे शवविच्छेदन करणारा डॉक्टर पशुसंवर्धन विभागाचा. बागेतल्या माणसांची काळजी आरोग्य विभागाची. गुरांवरचे गोचीड पुन्हा पशुसंवर्धनचे, पाचोळ्यावरची भुकटी बहुधा आरोग्याची, आणि नमुन्याची तपासणी पुण्याला किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. उन्हाळ्यात प्रेत दोन दिवसांत सडते आणि मग नमुना निकामी होतो. तीन विभागांचे पत्र एकमेकांकडे पोहोचेपर्यंत तेवढे दिवस सहज जातात.

गावातले लोक मात्र मेलेल्या वानराकडे दुर्लक्ष करत नाहीत. महाराष्ट्रात अनेक गावांत वानराला मारुतीचे रूप मानून त्याची रीतसर अंत्ययात्रा काढतात, हार घालतात, काही ठिकाणी तेराव्याचे जेवणही घालतात. माकडतापाच्या टापूत हे धोक्याचे आहे, कारण प्रेत उचलणाऱ्याच्या अंगावर गोचीड चढू शकतात. पण याच रिवाजात एक मोठी सोय दडलेली आहे. या प्राण्याला कागदोपत्री मालक नसला तरी त्याच्या मरण्याची दखल घेणारे लोक आहेत. हात न लावता आधी कळवा, नमुना घेऊ द्या, मग मान राखून त्याला अग्नी देऊ, असे सांगणारा ओळखीचा माणूस गावात असेल तर ही श्रद्धाच रोगाची आगाऊ वर्दी देणारी व्यवस्था बनू शकते. हा ओळखीचा माणूस बहुतेक वेळा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातला असतो. गोठ्यात त्याचे येणे-जाणे असते.

विचाराच्या पातळीवर यात नवीन काही नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी माणसाचे आणि जनावराचे वैद्यक वेगळे मानायला नकार दिला होता. विसाव्या शतकात अमेरिकी पशुवैद्य कॅल्विन श्वाबे यांनी ‘एकच वैद्यक’ ही कल्पना मांडली. आज तिला ‘वन हेल्थ’ म्हणतात. त्यासाठीची राष्ट्रीय संस्था नागपूरला होणार असून तिची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. राज्याचे पशुवैद्यकीय विद्यापीठही नागपूरलाच आहे. इमारत आणि यंत्रे लागतातच. पण क्यासनूरला, माल्टाला आणि ब्राँक्सला उत्तर सापडले ते कोणीतरी आपल्या कामाची कक्षा ओलांडून पाहिले म्हणून. माणसांच्या डॉक्टरने शेळीचे रक्त घेतले. विषाणूतज्ज्ञांनी माकडे मोजली. प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरने आवाराबाहेरून आलेला कावळा उघडून पाहिला.

ही कक्षा ओलांडणे व्यक्तीच्या हौसेवर सोडता येणार नाही, ते नेमून दिलेले काम व्हायला हवे. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात नोव्हेंबर लागताच वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तिन्ही विभागांची एकच नोंदवही उघडावी. त्यात मेलेले वानर, गोचिडांनी लडबडलेली गाय आणि तापाचा रुग्ण एकाखाली एक लिहिले जावेत. मृत माकड हाताळणाऱ्या आणि वार सोडवणाऱ्या डॉक्टरला पुरेसे हातमोजे, संरक्षक पोशाख आणि वर्षातून एकदा स्वतःच्या रक्ताची तपासणी मिळावी. तापाच्या रुग्णाला केसपेपर काढतानाच विचारावे, की गेल्या पंधरा दिवसांत जंगलात गेला होता का, जवळपास माकड मेलेले ऐकले का, गोठ्यात कोणी गाभ टाकला का. या प्रश्नांना पैसे पडत नाहीत. काजूचा पहिला बोंडू खाली पडायच्या आत ते विचारायला सुरुवात झाली, तर त्या बागेत ओणव्या होणाऱ्या बाईला आपल्याला कसला ताप आला आहे हे कळायला शेजारच्या बागेतल्या दुसऱ्या बाईच्या मृत्यूची वाट पाहावी लागणार नाही.